निळा धान

वरच्या खोलीत राहायला आलेल्या मुलीला खर्ऱ्याचं, सुपारी-तंबाखूचं, व्यसन आहे, ही बातमी आमच्या गल्लीत पसरायला फारसा वेळ लागला नाही. मनीषनगरात घरं कितीही उंच झाली तरी बातम्या अजून कुंपणावरूनच जातात. झालं असं की ती मुलगी कुठून कुठून एसटीने यायची, पाठीला सॅक, पायांवर धूळ, आणि तोंड गच्च मिटलेलं. कुणी हाक मारली तर हाताने "मागून, मागून" अशी खूण करायची आणि तरातरा जिना चढून जायची. नागपुरात माणूस असा तोंड मिटून हातवारे करायला लागला की त्याच्या गालात काय आहे ते कुणी विचारत नाही. समोरच्या बाईंनी मात्र आमच्या हिला फाटकापाशी गाठलंच. "काय वं, पोट्टी तं चांगल्या घरची दिसते. मंग हे काय?"

हिने दुसऱ्या दिवशी सरळ त्या मुलीलाच विचारलं. ती इतकी हसली की जिन्याच्या पायरीवरच बसली.

"खर्रा नाही, काकू. रंग घेऊन आली होती मी काल. रस्त्यात कोणाशी बोललं का रंग सांडते."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं. खोली मीच दिली होती, ते ही विसरणार नव्हती.

ती छापचित्रं करायची. म्हणजे लिनोच्या, चपलेच्या तळव्यासारख्या जाड तुकड्यावर कोरायचं, वरून रुळाने शाई फिरवायची, त्यावर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासून छाप उचलायचा. घासायला लोकांकडे यंत्र असतं. तिच्याकडे नव्हतं. एकदा आमच्या घरातून चटणी घेऊन गेलेली सपाट बुडाची वाटी परत आली नाही, म्हणून ही वर पाहायला गेली तर बाईसाहेब त्या वाटीच्या बुडाने कागद घासत बसलेल्या. अंगाला घाम, नाकाला शाई. हिने वाटी मागितली नाही. "माह्या लग्नातली वाटी आहे, चित्राखाली माहंही नाव टाक," एवढं बोलून खाली आली.

आता मी कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इतवारीत माझं मॅचिंग सेंटर होतं. साडी घेऊन या, तिच्या रंगाचा ब्लाउजपीस, फॉल, अस्तर घेऊन जा, एवढाच धंदा. बायका कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जातात, साडीला लावून पाहतात आणि तोंड वाकडं करून परत येतात, हा या धंद्यातला रोजचा मार. माझ्या दुकानातून उन्हात गेलेली बाई तोंड वाकडं करून परत आली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो. पुढे दुकान पुतण्याकडे दिलं आणि घरी बसलो, पण डोळ्यांचा गर्व काही दुकानासोबत गेला नाही.

ती खोली पाहायला आली त्या दिवशी तिने नळ पाहिला नाही, संडास पाहिला नाही, पंखा फिरतो का तेही पाहिलं नाही. फाटकाशीच उभी राहिली.

"काकाजी, हे फाटक वरून पिस्ता आहे आणि खालून लेमन. असं काहून?"

फाटक रंगवून बरीच वर्षं झाली होती. रंगवताना पेंटरचा डबा अर्ध्यात संपला होता, आणि त्याने दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला होता. ते त्याला आणि मला सोडून कुणालाही माहीत नव्हतं. खोली मी तिथेच देऊन टाकली.

मग आमची रोजची बैठक सुरू झाली. संध्याकाळी मी जिन्यापाशी खुर्ची टाकून बसायचो, ती पायरीवर. मी सहज म्हणालो, समोरच्यांच्या दारावरचा पडदा हिरवा आहे, तर ती मान हलवून म्हणाली, "हिरवा म्हणजे तं आडनाव झालं, काकाजी. नाव सांगा." मी सांगितलं, मेहंदी. तिने डोळे मिटून घेतले, जणू तोंडात काही टाकलंय. "अजून सांगा." मग मी रामा सांगितला, शेवाळी सांगितला, पोपटी, मोरपंखी, बाटली. दुकान सुटल्यापासून हे शब्द माझ्या तोंडी आले नव्हते. आतून ही ओरडली, "जेवण थंडं होऊन राहिलं, तुमची साड्यांची दुकान बंद करा आता." पण मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. म्हातारपणी आपला उपयोग कुणाला तरी आहे असं वाटणं, ही काही लहान गोष्ट नाही.

तिचा प्रवास करायचा प्रकार तर जगावेगळा. लोक आधी गाव ठरवतात आणि मग बसस्टँडवर जातात. ती आधी बसस्टँडवर जायची. तिथे एसटीची वाट पाहत बसलेल्या बायाबापड्यांजवळ जाऊन विचारायची, "मावशी, तुमच्या गावाले आता कोणता रंग आहे?" मला वाटलं होतं, लोक तिला वेडी म्हणतील. तसं म्हणणारेही भेटले असतील. पण बहुतेकांनी तिला नीट विचार करून उत्तर दिलं. पारशिवनीकडची एक म्हातारी म्हणाली, "आता काय बाप्पा, सागाले नवीन पानं आले." झालं, बाईसाहेब पारशिवनीच्या गाडीत. दिवसभर एका सागाखाली बसून राहिली. फोटो नाही, कागद नाही. फोटोत रंग खोटा येतो, आणि कागद काढला की माणूस कागदाकडेच पाहतो, असं तिचं म्हणणं. रंग नुसता ध्यानात धरून घरापर्यंत आणायचा. तिथून तिने जो हिरवा आणला त्याच्या पोटात लाल होता. मी विचारलं, हा कुठून आला? तर म्हणाली, "कोवळं सागाचं पान हातावर चोळून पाहा. हात लाल होते. तो लाल पानात आधीपासून राहतेच ना."

भिवापूरला ती मिरच्या पाहायला गेली. म्हणजे आम्ही समजलो की मिरच्या पाहायला. परत आली ती डोळे सुजलेले, नाक वाहतंय, शिंका आवरत आवरत, आणि तरीही तोंड गच्च मिटलेलं. त्या दिवशी जिन्यात ती जी शिंकली, तोंड न उघडता, तिला मी शिंक म्हणणार नाही. वर जाऊन तिने काचेवर रंग मिसळला तो लाल नव्हताच. मळकट गुलाबी काहीतरी होता. मिरच्या उलथवणाऱ्या बायांच्या पायांवर बसलेल्या धुळीचा रंग.

"अगं, एवढी लाल मिरची सोडून धूळ आणली?" मी म्हणालो.

"लाल तं सगळ्यायलेच दिसते, काकाजी."

एकदा जनरलच्या डब्यात बसून पार पुरीपर्यंत जाऊन आली. हिने देवघरातून उठून विचारलं, दर्शन झालं का नीट? "रांग मोठी होती काकू, मी नावेकडं गेली." जुन्या नावेच्या बुडाला निळ्याखालून दिसणारा आधीचा लाल, एवढं घेऊन ती परत आली होती. हिने कपाळाला हात लावला आणि तिच्या वाटचा नमस्कार स्वतःच करून टाकला.

रंग जमला की ती बोटाने त्याचा एक ठिपका आमच्या जिन्याच्या भिंतीला लावायची, उजेडात पाहायला. पहिला ठिपका पाहून मी रागावलो होतो. नंतर नंतर नवा ठिपका दिसला नाही की चुकल्यासारखं वाटायला लागलं. खाली गावाचं नाव लिही म्हटलं तर ऐकायची नाही. "डोळ्यानं वाचा ना." आता ती बडोद्याला असते. वरच्या खोलीत बँकेतला एक गुणी मुलगा राहतो. जिन्याला पांढरा हात मारून घेऊ का, असं तो दर दिवाळीला विचारतो. मी ऐकू न आल्यासारखं करतो.

एवढ्या गावांचे रंग भिंतीवर होते, पण तिच्या स्वतःच्या गावाचा नव्हता. ती कुहीकडची. घरची धानाची, म्हणजे भाताची, शेती. आई लहानपणीच गेलेली, वडील आणि ती. वडिलांनी तिला कधी अडवलं नाही, शिकवलं, शहरात ठेवलं. आणि तरी तिचं दुखणं वडिलांपाशीच होतं.

"बाबाले चित्र दाखवलं का ते म्हणते, चांगलं आहे," ती एकदा म्हणाली.

"मंग? चांगलंच तं म्हणून राहिले."

"तुम्हाले माहीत नाही, काकाजी. कोणी आपला धान दाखवला का बाबा दहा खोडी काढते. रोवणी दाट झाली, पाणी जास्त झालं, धुरा खचून राहिला. बैल दाखवला तं त्याच्या खुरापासून सुरू होते. जे खरंच पाहते, त्याची खोड काढतेच. माह्या चित्राची एकही खोड नाही काढली आजपर्यंत. म्हणजे पाहिलंच नाही ना त्यायनं."

मी हसणार होतो, पण तिचे डोळे भरले होते. सगळ्या मुलखाचे रंग गोळा करत फिरणारी ही पोर, आणि तिला हवी होती बापाने काढलेली एक खोड.

त्याच सुमारास आमच्याकडे भाचीचं लग्न निघालं. हिने वांगी रंगाची साडी घेतली. ब्लाउजपीस मी स्वतः पुतण्याच्या दुकानात जाऊन, पोरांना बाजूला सारून, माझ्या हाताने काढला. लग्नाला निघताना जिन्यात ती भेटली. तिने हिच्या दंडाकडे पाहिलं, मग साडीकडे, मग माझ्याकडे. माझी हनुवटी धरून तिने माझं तोंड खिडकीकडे वळवलं आणि डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं, गुरूच्या डोळ्यांचं कौतुक करतेय. मी ऐटीत उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात ही मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, सवडीने एकेक डोळा करून घ्या. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. अक्षरं थोडी अंधूक दिसायची, पण रंग मला चोख दिसत होते. निदान माझी तशी खात्री होती. गंमत म्हणजे तेव्हापासून ती मुलगी माझ्या डोळ्यांवर आणखीच भरवसा टाकायला लागली. दवाखान्याची गोष्ट निघाली की म्हणायची, "काकाजी, धान निसवेपर्यंत थांबा ना. मंग करा ऑपरेशन. मले कुहीचा हिरवा करायचा आहे, तुमच्याशिवाय नाही होणार तो." कोणता माणूस असं ऐकून फुगणार नाही? मी फुगलो.

मग एके सकाळी तिने मला एसटीत बसवलं आणि कुहीला नेलं. तिच्या शेतावर वडील धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेले होते, खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांवर हाताची सावली. सडसडीत, थोडक्यात बोलणारा माणूस. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांमधले तुकडे, पसरलेल्या. मी त्यांच्याजवळ बसलो.

"धान चांगला आहे यंदा," मी म्हणालो.

"काय चांगला, भाऊ. धानात रंग नाही राहिला. पह्यले कसा हिरवागार दिसे. आता पाहा, रोवला तवापासून पिवळट. युरिया टाकला, झिंक टाकलं, बियाणं बदलवलं. जमिनीतच दम नाही राहिला."

मी निरखून पाहिलं. खरंच पिवळट होता. "कपड्यात तरी कुठं राहिला, भाऊ?" मी म्हणालो. "मिलवालेच रंग कमी टाकून राहिले."

"हाव ना."

"पांढरं कापड घ्या, तेही पिवळंच निघते."

"जमानाच तसा आला," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी मिळून जमान्याची बरीच वेळ खरडपट्टी काढली. ती मुलगी आमच्यासमोर उकिडवी बसून एकदा त्यांच्याकडे पाहत होती, एकदा माझ्याकडे. निघताना तिने तोंड मिटलं ते मनीषनगरपर्यंत. मीही मिटलं. दोन माणसं तोंड मिटून आली म्हटल्यावर समोरच्या बाईंनी हिला पुन्हा गाठलं असेल.

आता तिच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. ती एकाच तुकड्यातून सगळे रंग काढायची. आधी सगळ्यात फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा. मग जेवढा भाग तसाच राहायला हवा तेवढा तुकड्यावरून कोरून काढून टाकायचा, आणि उरलेल्यावर पुढचा रंग. असं करत करत शेवटी तुकड्यात काही उरत नाही. एकदा पुढचं कोरलं की मागचा रंग बदलायचा म्हटला तरी बदलता येत नाही. "एसटीचं वापसीचं तिकीट असते, याचं नसते," ती म्हणायची.

कुहीच्या चित्राचं आभाळ छापून झालं, धुऱ्याची माती छापून झाली. मग धानाचा हिरवा आला. तिने काचेवर पहिला रंग मिसळून माझ्यासमोर धरला. "तुम्हाले जसा आठवते तसा सांगा, काकाजी. आताचा नाही. तुमच्या जवानीतला धान." मी डोळे मिटून आठवला. लहानपणी मामाच्या गावाला जाताना बैलगाडीतून दिसलेला धान. "पिवळं होऊन राहिलं. निळा घाल," मी म्हणालो. तिने घातला. "अजून." घातला. "अजून थोडा." तिचा हात एकदाही अडखळला नाही. शेवटी मी म्हणालो, "बस! हाच." तिने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग रूळ उचलला आणि सगळ्या कागदांवर तोच छापला, आणि लगेच पुढचं कोरायला घेतलं. भिंतीवरचा तो ठिपका मी बोट लावून पाहिला. इतका खरा हिरवा मी कैक वर्षांत पाहिला नव्हता.

मग माझा उजवा डोळा झाला. पट्टी काढून घरी आलो आणि पाहतो तर आमचं घर कुणीतरी धुऊन काढलेलं. बैठकीची भिंत, जी मी क्रीम समजत होतो, ती पांढरीफेक. हिचं रोजचं राखाडी पातळ चक्क निळं. मी हिला म्हणालो, "लग्नातला तो ब्लाउज काढ." हिने कपाटातून काढून साडीवर ठेवला. साडी वांगी होती. ब्लाउज चॉकलेटी. शुद्ध चॉकलेटी.

"तू तो घालून अख्ख्या लग्नात फिरली?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणला होता," ही म्हणाली. या बाईचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग मला धान आठवला. जिन्यात आलो. भिंतीवरचा कुहीचा ठिपका निळा होता. निळसर नाही, निळा. आमच्या दुकानात त्याला मी चिंतामणी म्हटलं असतं. तोपर्यंत चित्रं पूर्ण झालेली, तुकडा कोरून संपलेला, धंतोलीतल्या एका छोट्या हॉलमध्ये तिचं पहिलं प्रदर्शन लागायच्या बेतात, आणि वडील पहिल्यांदाच ते पाहायला येणार होते. वर गेलो. ती कागद चौकटीत बसवत होती.

"पोरी, घात झाला. तो हिरवा नाही. मले दिसतच नव्हतं वं."

"मले दिसत होतं ना, काकाजी," ती शांतपणे म्हणाली.

मी खाली बसलो.

"काकूच्या ब्लाउजवरून मले समजलं तुमच्या डोळ्याचं. म्हणून तं काकूले सांगितलं, दवाखान्यात न्या. मंग वावरात तुम्ही दोघं बसून धानाले शिव्या देऊन राहिले होते. तुम्हाले एकसारखंच दिसून राहिलं होतं. बाबा कधीचे म्हणते, धानाचा रंग गेला. डॉक्टरकडं चला म्हटलं तं म्हणते, डोळ्याले काय झालं, धानाले झालं. मी कितीही खरा हिरवा केला तरी बाबाले तो पिवळाच दिसणार. त्यायले दिसेल असा हिरवा मले करायचा होता. पण तो बरोबर आहे का नाही, हे मले कसं कळणार? माहे डोळे चांगले आहेत ना. तुमचे खराब होते, म्हणून जमलं."

आयुष्यभर चांगल्या डोळ्यांची शेखी मिरवली, आणि कामाला आले ते खराब डोळे. मला राग यायला हवा होता. मी हसत सुटलो. "दुसरा डोळा तेवढा प्रदर्शनानंतर करा," ती म्हणाली. मी कबूल केलं.

प्रदर्शनात वडील इस्त्रीचा सदरा घालून आले. एकेका चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "चांगलं आहे." पारशिवनीचा साग, चांगलं आहे. भिवापूरची धूळ, चांगलं आहे. ती त्यांच्या मागे मागे, तोंड गच्च मिटून. निळ्या धानासमोर दोनतीन माणसं उभी होती. "काय कल्पना आहे, निळी शेती!" असं काहीसं बोलत होती. वडील त्यांच्यामागून आले आणि थांबले.

चित्राच्या अगदी जवळ गेले. मग हळूच म्हणाले, "ही आपली खालची बांधी होय."

ती चौकटीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"असाच होता धान. माह्या बापाच्या वेळी. अस्साच." त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "कुठून आणला वं, माय, हा रंग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मीच पुढे झालो. हाताने उजवा डोळा झाकला. माझ्या डाव्या डोळ्याला मामाच्या गावचा धान दिसला, जसाच्या तसा. डावा झाकला, तर निळा. मी म्हणालो, "भाऊ, तुमच्यासारखाच आहे हा माहा डोळा. याले हिरवं दिसते. हा दुसरा दुरुस्त केला. याले हे चित्र निळं दिसते."

"निळं? धान कधी निळा असते का गा?"

"नाही ना, बाबा," ती म्हणाली. आता तिने तोंड उघडलं. "धान हिरवाच आहे. गेला नाही कुठं. तुमच्या वावरात आहे. तुमचा डोळा पिवळा झाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"मंग ऑपरेशन केलं तं हे असं दिसणार नाही?"

"नाही, बाबा. हे निळं दिसेल."

"आणि वावर?"

"वावर असं दिसेल."

ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि तिथूनच चित्राकडे पाहत राहिले. एवढ्या वर्षांनी सापडलेली वस्तू लगेच हातातून सोडावी लागणार होती, मला त्यांचं मन कळत होतं. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून घेतला, पण प्यायला उशीर केला. शेवटी बशी खाली ठेवून मला म्हणाले, "कोणत्या दवाखान्यात केलं तुम्ही, भाऊ?"

आम्हा दोघांचे डोळे त्याच हिवाळ्यात झाले. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला निघताना मी जिन्यात थांबून उजवा झाकला आणि कुहीचा ठिपका शेवटचा पाहून घेतला. ही खालून हाका मारत होती, ऑटो थांबला होता.

धान हिरवा व्हायला पुढचा पोळा यावा लागला. पोळ्यानंतर एक दिवस वडील न कळवता आले. फाटकातच मला म्हणाले, "आहे गा भाऊ. तसाच आहे." एवढं बोलून ते जिना चढले. ही चहा घेऊन त्यांच्यामागे गेली, आणि मला राहवेना म्हणून मीही गेलो.

ते चित्र खोलीत समोरच टांगलेलं होतं. ते त्याच्यासमोर उभे राहिले. पुढे झाले, मागे झाले, मान वाकडी करून पाहिलं.

"हे काय वं? निळं काहून केलं?"

ती हळूच खाली बसली.

"आणि हा धुरा. एवढा सरळ कुठं आहे आपला धुरा? कोपऱ्यात खचला आहे तो, तुले माहीत नाही का? आणि रोवणी पाहा, किती दाट केली. असा धान लोळते वाऱ्यानं. पाणी तं तू दाखवलंच नाही. पाण्याबिगर धान असते का?"

हिने ट्रे तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, थांब. वडील बोट लावून एकेक खोड दाखवत होते, आणि ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसून ऐकत होती, तोंड गच्च मिटून.